विद्येसाठी समुद्रोल्लंघन : खर्च, करार आणि परतफेड

आपल्या मंडळाच्या शिक्षणनिधीकडे जे अर्ज येतात त्यांत गेल्या काही वर्षांत एक नवा प्रकार दिसू लागला आहे. पूर्वी वह्यापुस्तकांसाठी, वसतिगृहाच्या शुल्कासाठी, फार तर अभियांत्रिकीच्या वा वैद्यकीच्या प्रवेशासाठी साहाय्याची मागणी होत असे. आता अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांतील विद्यापीठांची प्रवेशपत्रे जोडलेले अर्ज येतात, आणि त्यांत मुलींची संख्याही चांगली असते. ही समाधानाची गोष्ट होय. परंतु प्रवेशपत्र हाती पडल्यावर घरात जो पहिला प्रश्न उभा राहतो तो विद्येचा नसून पैशाचा असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा घाईत दिले जाते. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही आणि समुद्र पाहिला तो चौपाटीवर उभे राहून. तथापि आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविताना एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. परदेशी शिकून आलेल्या थोर व्यक्तींच्या पदव्या आपण पाठ करतो. त्यांच्या प्रवासाचा खर्च कोणी केला, किती मुदतीसाठी केला आणि कोणत्या अटीवर केला, हे मात्र विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढेच विचारणार आहोत.

या विषयाचा आरंभ कोणत्याही ज्ञातिसंस्थेला फारसा भूषणावह नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. समुद्रप्रवास हा कलिवर्ज्यांत गणलेला. तो करणाऱ्याला पंक्तीत घेऊ नये, असा शास्त्राधार दाखविला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायतेस जाऊ पाहणाऱ्या तरुणासमोर पहिली भिंत उभी राही ती स्वतःच्या ज्ञातीची. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईतच घडले. १८८८ साली मोहनदास करमचंद गांधी हे एकोणीस वर्षेही पूर्ण न झालेले तरुण बॅरिस्टर होण्यासाठी निघाले असता मुंबईतील मोढ वाण्यांची सभा भरली. ज्ञातीचे शेट त्यांच्या वडिलांच्या परिचयातले. त्यांनी प्रथम समजावून पाहिले. मुलगा ऐकेना, तेव्हा त्याला ज्ञातीबाहेर टाकल्याचा निर्णय झाला, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यावयास जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरला.

दंडाची रक्कम वाचून आज हसू येते. परंतु तिचा परिणाम हसण्यासारखा नव्हता. प्रवासासाठीचे पैसे वडील बंधूंनी मुंबईस आपल्या मेहुण्याकडे ठेवले होते. ज्ञातीचा निर्णय होताच मेहुण्यांनी ते देण्याचे नाकारले. आपणास ज्ञात सोडणे परवडणार नाही, असे त्यांनी सांगितले. घरचाच पैसा घरच्याच माणसाकडे, आणि तो ऐन वेळी मिळेना! अखेर कुटुंबाच्या एका स्नेह्याने रक्कम दिली व ती बंधूंकडून वसूल करून घेण्याचे ठरले. ४ सप्टेंबर १८८८ रोजी बोट सुटली.

त्यापूर्वीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. गांधींच्या घराण्याचे स्नेही मावजी दवे यांनी या शिक्षणास चार-पाच हजार रुपये लागतील असा अंदाज दिला होता. पोरबंदर संस्थानाचा कारभार पाहणारे इंग्रज अधिकारी लेली यांच्याकडे शिष्यवृत्तीसाठी विनंती केली असता, आधी बी. ए. व्हावे, मग पाहू, असे जिन्यातच सांगून त्यांनी वाट लावली. म्हणजे संस्थान नाही, ज्ञात नाही, मेहुणे नाहीत; उरला तो वडील बंधूंचा खांदा. लंडनमध्ये काही महिने नृत्याचे वर्ग, उंची पोशाख असा थाट झाल्यावर बंधूंवर पडणारा भार या तरुणाच्या ध्यानी आला. त्याने पै-पैचा जमाखर्च लिहिण्यास आरंभ केला, दोन खोल्यांच्या जागी एक खोली घेतली, गाडीभाडे वाचविण्यासाठी रोज अनेक मैल पायपीट केली आणि जेवणाचा खर्च दिवसास एक शिलिंग तीन पेन्स इतका खाली आणला. १८९१ मध्ये परतल्यावर बंधूंनी त्यांना नाशिकास नेऊन गोदास्नान घडविले आणि राजकोटास ज्ञातिभोजन घातले. तरीही ज्ञातीच्या एका तटाने त्यांना घेतले नाही, आणि गांधींनीही तो नियम इतका पाळला की त्या तटातील सासुरवाडीस व बहिणीच्या घरी ते पाणीसुद्धा घेत नसत.

गांधींच्याही पाच वर्षे आधी आपल्या महाराष्ट्रातील एक मुलगी याहून कठीण वाटेने गेली होती. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी या टपाल खात्यातील कारकुनाशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि स्त्रियांना स्त्री-वैद्य हवा ही गोष्ट त्या बालमातेच्या मनाने घेतली. गोपाळरावांनी १८८० साली एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. ते तिकडील मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर या दातांच्या डॉक्टरांकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांच्या वाचनात आले. त्यांनी कळवळून पत्र पाठविले, आणि जन्मात न पाहिलेल्या दोन स्त्रियांमध्ये मावशी-भाचीचे नाते जुळले. आजच्या मुलांना प्रवेशाच्या शोधात शंभर ठिकाणी विचारणा करता येते. त्या काळी दातदुखीने काम केले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु केवळ दैवयोगावर ही योजना उभी नव्हती. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. अमेरिकेसच का जावयाचे, हिंदुस्थानात हे शिक्षण का मिळू शकत नाही, एकटी का जाते, ज्ञात बहिष्कार घालणार नाही काय, या लोकांच्या मनातील प्रश्नांना एकामागून एक उत्तरे दिली. अठरा वर्षेही पुरी न झालेली ही मुलगी सभेपुढे उभी राहून आपल्या बेताचा जाब देते, हे आम्हांस तिच्या पदवीइतकेच मोठे वाटते. अंगावरचे सोने विकून तिकिटाची सोय झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने त्या ओळखीच्या मिशनरी स्त्रियांसमवेत निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. पती मागे राहिला होता. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांस प्रवेश मिळाला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता.

पैसा जमला, आश्रय मिळाला, विद्याही मिळाली. कमी पडली ती प्रकृतीची तजवीज. तिकडील कडाक्याची थंडी, शाकाहाराच्या व्रतामुळे तुटपुंजा आहार, नऊवारी लुगड्यास न मानवणारे हवामान, आणि त्यावर अभ्यासाचा ताण यांनी त्यांना क्षयाने गाठले. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक केली होती. ते काम त्यांच्या हातून व्हावयाचे नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली व ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेविली आहे.

आनंदीबाईंच्या पदवीदानास हजर राहण्यासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या होत्या. रमाबाईंचाही बेत प्रथम वैद्यकीचाच होता. ‘स्त्रीधर्मनीति’ या १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी वाटखर्च उभा केला आणि १८८३ मध्ये लहान मुलीला घेऊन त्या निघाल्या. इंग्लंडमध्ये कानांनी दगा दिला. बहिरेपणामुळे वैद्यकी अशक्य ठरली, आणि त्यांनी दुसरा मार्ग धरून चेल्टनहॅमच्या विद्यालयात अध्ययन व अध्यापन केले. ठरविलेला अभ्यासक्रम सोडावा लागला म्हणून त्या रिकाम्या हातांनी परतल्या नाहीत, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. डॉ. रखमाबाई यांची हकीगत आणखी निराळी. बालपणीच्या विवाहावरून झालेला त्यांचा खटला सर्वश्रुत आहे. १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या त्या मुंबईच्या कामा इस्पितळातील डॉ. एडिथ पीची व इतर हितचिंतकांनी जमविलेल्या निधीच्या बळावर. १८९४ मध्ये परत येऊन त्यांनी सुरतेस व पुढे राजकोटास कित्येक वर्षे रुग्णसेवा केली आणि १९५५ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्या वारल्या.

येथवर पाहिलेल्या व्यक्ती गेल्या त्या बंधूंच्या, मैत्रिणीच्या, पुस्तकाच्या वा वर्गणीच्या आधारावर. विसाव्या शतकाच्या तोंडाशी चित्र पालटू लागले आणि करार आला. १८९२ मध्ये जमशेटजी टाटा यांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता निधी स्थापन केला. त्यातील खुबी अशी की, ते दान नव्हते, कर्ज होते. घेणाऱ्याने कमावता झाल्यावर परत करावे आणि तोच पैसा दुसऱ्याच्या कामी यावा. धर्मादायाची सवय असलेल्या आपल्या समाजास ही कल्पना थोडी रुक्ष वाटली असेल. परंतु याच रुक्षपणामुळे तो निधी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकला. अगदी आरंभी त्याचा लाभ घेणाऱ्यांत डॉ. फ्रेनी कामा व डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री-डॉक्टर होत्या, आणि कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापुरातच वैद्यकी केली. आनंदीबाई ज्या गावी पोचू शकल्या नाहीत त्या गावाला अशा रीतीने परदेशात शिकलेली स्त्री-डॉक्टर लाभली.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे दापोली तालुक्यातील मुर्डीचे. हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. त्या पदवीचा मान एवढा होता की सरकारी नोकरीतील कोणतीही मोठी जागा त्यांस सहज मिळती. ते परत आले ते पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत, आजीव सदस्याच्या अल्प वेतनावर. १९०२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि जवळजवळ दोन दशके त्या पदावर होते. दुसऱ्या टोकाला पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये चाललेल्या शिष्यवृत्त्या होत्या. त्या घेणाराने इंग्रज सरकारची नोकरी पत्करू नये, अशीच अट होती. त्यांपैकी शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले. अट कोणती का असेना, पैसा देणाऱ्याच्या मनात काहीतरी असतेच, आणि ते कागदावर आलेले बरे असते.

कराराचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. त्यांच्या पदव्यांची यादी घरोघरी तसबिरीखाली लावलेली असते. त्या पदव्यांमागचा जमाखर्च फारसा कोणी वाचीत नाही, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील सुभेदार रामजी निवर्तले. त्याच वर्षी ४ जूनला तरुण भीमरावांनी बडोदे संस्थानाशी करार केला. सयाजीराव महाराजांच्या सरकारने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यावे आणि विद्यार्थ्याने परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी. त्या वेळच्या पंधरा रुपयांस एक पौंड या भावाने ही रक्कम महिना पावणेदोनशे रुपयांच्या आतबाहेर होते. एवढ्यात न्यूयॉर्कसारख्या शहरी राहावयाचे, पुस्तके घ्यावयाची आणि घरीही काही पाठवावयाचे. जुलैमध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एम. ए. झाले, पुढच्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी जातिसंस्थेच्या उत्पत्तीवरील आपला निबंध डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचला. १९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला आले व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले.

येथे मुदत संपली. विद्वत्ता अपुरी नव्हती, विद्यापीठाची तक्रार नव्हती. संस्थानाची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये अर्धवट अभ्यास टाकून त्यांना परतावे लागले. दूरदृष्टी एवढी की, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी निघण्यापूर्वीच विद्यापीठाकडून मिळवून ठेविली. महायुद्ध चालू होते. पुस्तकांचे सामान ज्या बोटीने येत होते ती पाणसुरुंगाच्या माऱ्याने बुडाली. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले, तर तेथे त्यांना राहावयास कोणी जागा देईना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले. ते उघडकीस येताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच संपली. करार एका बाजूने पाळावयाचा म्हटला तरी दुसऱ्या बाजूस समाज उभा असतो आणि त्या समाजाची सही करारावर नसते. आम्ही ज्ञातिसंस्थेच्या पृष्ठांवर हे लिहीत आहो, म्हणून मुद्दाम नमूद करतो.

पुढची तीन वर्षे या गृहस्थाने काय केले? १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राची प्राध्यापकी पत्करली, काटकसरीने पगार शिल्लक टाकला, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य दिले, आणि १९२० च्या जुलैत चार वर्षांची सवलत संपण्यापूर्वी ते पुन्हा लंडनला पोचले. या वेळी कोणाची नोकरी करण्याचे बंधन नव्हते. कर्ज होते, पण ते मित्राचे होते. सकाळी ब्रिटिश म्यूझियमचे ग्रंथालय उघडताच आत शिरावयाचे ते बंद होईपर्यंत, आणि रात्री भूक लागली की गावाकडून आलेले पापड भाजून खावयाचे, असा क्रम. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली, ‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावरील प्रबंधास परीक्षकांच्या सूचनेवरून फेरफार करावे लागले व १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच. डी. तर प्रबंध छापून सादर केल्यावर १९२७ मध्ये हाती आली. म्हणजे १९१३ साली निघालेल्या विद्यार्थ्याची शेवटची पदवी चौदा वर्षांनी पूर्ण झाली. आज दोन वर्षांत सारे आटोपेल असे गृहीत धरणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

त्या डी. एस्सी.च्या विषयाकडे आम्हांस वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. परदेशी शिकणाऱ्याचा सर्वांत लबाड शत्रू म्हणजे रुपयाचा परकी चलनातील भाव, आणि आंबेडकरांनी नेमका त्याच्यावर प्रबंध लिहिला. १८७० च्या सुमारास रुपयास जवळजवळ दोन शिलिंग मिळत. चांदी घसरत गेली तसा १८९२-९३ पर्यंत तो सव्वा शिलिंगावर आला. पुढे सरकारने तो एक शिलिंग चार पेन्सवर स्थिर केला. पहिल्या महायुद्धानंतर भाव एकदम चढला आणि १९२० मध्ये सरकारने तो दोन शिलिंग ठरविला. हे धोरण वर्षभरही टिकले नाही. १९२१ मध्ये भाव पुन्हा एक शिलिंग चार पेन्सपर्यंत व त्याखाली कोसळला. आता पाटीवर गणित मांडू. पाच हजार रुपयांचे दोन शिलिंगच्या भावाने पाचशे पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या भावाने तीनशे तेहतीस. कर्ज तेच, देणारा तोच, व्याज तेच. आणि विद्यार्थ्याच्या हाती पडणारी रक्कम एकतृतीयांशाने कमी! ज्या वर्षी त्या काळचे कितीतरी हिंदी विद्यार्थी लंडनमध्ये बसून घरच्या हुंडीची वाट पाहत होते त्याच वर्षी ही घसरण झाली.

पुढील काळाची उदाहरणे थोडक्यात देतो. गोविंद सदाशिव घुर्ये यांना मुंबई विद्यापीठाने इंग्लंडला पाठविले, केंब्रिजची पीएच. डी. घेऊन ते आले आणि मुंबईत समाजशास्त्राची परंपरा उभी राहिली. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन बर्लिन गाठले. मामंजी महर्षी धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी हाडे झिजविलेले. त्यांनाही सुनेचे जाणे पसंत नव्हते. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकलेले, त्यांनी पाठिंबा दिला. जयंत विष्णु नारळीकर १९५७ मध्ये टाटांच्या त्याच कर्जनिधीच्या साहाय्याने केंब्रिजला गेले, १९७२ मध्ये स्वदेशी परतले आणि पुढे पुण्यात ‘आयुका’ संस्था उभारली. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. सरकारी बाजूने सांगावयाचे तर, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना आंबेडकरांनी १९४२ मध्येच अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी स्वतंत्र तरतुदीची मागणी केली होती. १९५४-५५ पासून केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती योजना सुरू झाली, आणि महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या अशाच योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले आहे.

रुपयाने मात्र आपला स्वभाव सोडला नाही. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव एका रात्रीत ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला. ज्या बापाने महिना शंभर डॉलरांसाठी ४७६ रुपयांची तजवीज केली होती त्याला दुसऱ्या दिवसापासून ७५० लागू लागले. १९९१ च्या जुलैत पुन्हा तोच प्रसंग आला. २०२२ मध्ये डॉलर ऐंशी रुपयांवर गेला व नंतरही चढतच राहिला. हल्ली एका रात्रीत उडी नसते, रोज थोडी थोडी झीज असते. म्हणून ती ध्यानात येत नाही इतकेच. देशोदेशींची सरकारेही आकडे बदलतात. कॅनडाने विद्यार्थ्याने दाखवावयाची निर्वाहरक्कम १ जानेवारी २०२४ पासून दहा हजार डॉलरांवरून २०,६३५ वर नेली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा वाढविली. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवण्यास सांगितले. इंग्लंडने जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पतिपत्नी वा मुले बरोबर नेण्यास मनाई केली. युक्रेनमध्ये वैद्यकी शिकणारी आपली हजारो मुले २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठीवरच्या पिशवीनिशी परतली, आणि परदेशातील पदवी घेणाऱ्यास इकडे येऊन निराळी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, हे कित्येकांच्या पालकांस तेव्हा प्रथमच कळले.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी मुलास पाठविण्यासाठी राहते घर गहाण टाकले. प्रवेश मिळवून देणाऱ्या एका मध्यस्थाने त्यांस जो कागद दिला होता त्यावर फक्त पहिल्या वर्षाचे शुल्क होते. भाडे, जेवण, विमा, चलनातील फरक यांचे नावही नव्हते. मुलगा वर्गात पहिल्या तिघांत असणारा. दुसऱ्या वर्षाच्या आरंभी पैसा संपला आणि तो परत आला. पदवी नाही, हप्ते चालू आहेत. त्या मुलाला आम्ही आजही पाहतो तेव्हा १९१७ साली परतलेल्या त्या दुसऱ्या विद्यार्थ्याची आठवण होते. फरक एवढाच की, त्याच्या हाती चार वर्षांच्या सवलतीचा कागद होता आणि पुढे पाच हजार देणारा मित्र होता.

म्हणून कार्यकारिणीने विचार करावा असे आम्ही सुचवितो. सध्या आपला निधी परदेशी जाणाऱ्यास निघतेवेळी एकरकमी साहाय्य देतो, सत्कार करतो, हार घालतो. त्या वेळी घरची उमेद ताजी असते, बँकेचे कर्ज नुकतेच मंजूर झालेले असते, आणि पंचवीस-पन्नास हजारांनी फारसे काही अडत नाही. अडते ते दुसऱ्या वर्षी. तेव्हा साहाय्याचा एकतृतीयांश भाग प्रथम द्यावा आणि उरलेला, पहिल्या वर्षाचे गुणपत्रक आल्यावर, त्या दिवशीच्या चलनदराने पडणारी तूट भरून काढण्यासाठी राखून ठेवावा. रक्कम बिनव्याजी कर्ज म्हणून द्यावी, परतफेडीची मुदत पदवीनंतर दोन वर्षांनी सुरू करावी, आणि अभ्यास अर्धा सोडावा लागला तर पुन्हा जाण्यासाठी तीच व्यक्ती अर्ज करू शकेल, असे नियमांत स्पष्ट लिहावे. अर्जाबरोबर दोन्ही वर्षांच्या खर्चाचा तक्ता घ्यावा आणि तो तपासण्यासाठी परदेशात शिकून आलेल्या ज्ञातिबंधुभगिनींपैकी तिघांची समिती नेमावी. अशी माणसे आता आपल्यांत पुरेशी आहेत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय ठेवावा, अशी लेखी सूचना आम्ही चिटणीसांकडे दिली आहे.